सर्दीची कीर्द-खतावणी

नागपूरच्या माणसाला उन्हाळ्याचा फार अभिमान असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला "आमच्याकडे शेचाळीस!" असं सांगताना आमचा चेहरा असा होतो, की ते तापमान जणू आम्हीच खांद्यावर वाहून तिथवर नेऊन ठेवलं आहे. पाहुणाही भारावून जातो. पण याच नागपूरकराला सर्दी झाली तर त्याच्याकडे कुत्रं ढुंकून पाहत नाही. उन्हाला 'लागणं' आहे, त्यात माणूस पडतो, त्याच्या कपाळावर कांदा ठेवतात, चार माणसं विचारपूस करून जातात. सर्दीला काय आहे? रुमाल! तोही स्वतःचा.

मला सर्दीबद्दल बोलायची संधी उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती. ती दिली एका लशीनं. आणि मी त्या संधीचं जे काही केलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आधी माझा परिचय. मी चौतीस वर्षं सरकारी हिशेब तपासले. लोक ज्या खात्याला 'ऑडिट' म्हणून ओळखतात आणि ज्याचा माणूस दारात दिसला की चहाबरोबर बिस्किटंही आणतात, त्या खात्यात. त्या चौतीस वर्षांत मी कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. "व्हाउचर दाखवा" एवढं एकच वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं, की आमच्या सौभाग्यवतीनं एकदा "भाजी महाग झालीय" असं म्हटल्यावरही ते माझ्या तोंडून निघून गेलं होतं. त्या दिवशी भाजी झाली नाही.

तर २०२४ च्या जूनमध्ये आमचे डॉक्टर म्हणाले, "वय अडुसष्ट, त्यात साखर. पावसाळ्याच्या आत फ्लूची लस घेऊन टाका. आणि दरवर्षी घेत चला."

"दरवर्षी? म्हणजे वर्गणीच की हो!"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हा फ्लूचा विषाणू बहुरूप्यासारखा सोंगं बदलतो. यंदा कोणतं सोंग येणार याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेची माणसं वर्षातून दोनदा बसून बांधतात, एकदा पृथ्वीच्या वरच्या अर्ध्या भागासाठी, एकदा खालच्या, आणि त्याबरहुकूम लस बनते. दोनदा बसून अंदाज बांधतात हे ऐकून मला त्या संघटनेबद्दल आपुलकी वाटली. अंदाजपत्रक आणि सुधारित अंदाजपत्रक ही पद्धत मला चांगली ठाऊक होती. मी बाही वर केली.

बरोबर आठव्या दिवशी शिंक आली.

एक नव्हे, ओळीनं सात. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. असलाच तर विजय होता. "मी म्हणतच होते. चांगलं चालतं-बोलतं शरीर, त्याला कशाला डिवचायचं?" ती असं कधी म्हणाली होती त्याचं व्हाउचर मजजवळ नाही. पण शिंका येत असलेला माणूस वाद घालू शकत नाही.

त्याच दिवशी मी वही घातली. दोनशे पानी, लांब. डाव्या बाजूला तारीख, मग शिंकांची आवक, नाकाची जावक, शेरा. जून गेला, जुलैच्या शेवटी दुसरी सर्दी. ऑगस्ट संपता संपता तिसरी. तीन महिन्यांत तीन! लशीच्या आधी माझ्या वहीत एकही सर्दी नव्हती. (हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.)

अंबाझरीला सकाळी फिरायला जाणारं आमचं एक मंडळ आहे. तलावाला अर्धी चक्कर आणि तर्री-पोह्यांच्या ठेल्याला पूर्ण, असा आमचा व्यायाम असतो. तिथं मी वही उघडली आणि पहिल्यांदाच माझ्या सर्दीला श्रोते मिळाले.

"काय सांगून राहिले भाऊ! तीन वेळा?"

"फ्लूले रोखते न बाकीच्याइले बोलावते, असं दिसते."

"मी तं कधीचाच म्हणून राहिलो. एका रोगाचा बंदोबस्त केला की दुसरे मोकाट सुटतेत. पोलीस सारे एकाच चौकात गेले तं बाकी शहरात काय होईन?"

हा पोलिसांचा दृष्टान्त मला फारच पटला. इतका, की दुसऱ्या दिवसापासून मी तो स्वतःचा म्हणून सांगू लागलो. पोहेवाल्यानं मात्र वैद्यकीय चर्चेत भाग घेतला नाही. "साहेब, तर्री जास्त घ्या. सर्दी पयते," असं म्हणून त्यानं लाल तवंगाची पळी माझ्या प्लेटीत ओतली. नाक मोकळं झालं हे कबूल केलं पाहिजे. डोळेही झाले.

आता आमचे दादा. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. महालात, बडकस चौकाच्या अलीकडच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे, तिथं ते आणि वहिनी राहतात. दादांना दमा. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात आणि "काय रे, आज ऊन बरंच आहे" असं काहीतरी बोलून दम खाण्याला संभाषणाचं रूप देतात. माझ्या आयुष्यात दादांनी माझा सल्ला कधी घेतला नव्हता. माझ्या शाळेपासून लग्नापर्यंत सगळे निर्णय त्यांनी घेतले, आणि ते बरोबर निघाले, हा त्यातला जास्त त्रासाचा भाग.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मारबत बघायला दरवर्षी दादांकडे जातो. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : त्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड मारबती आमच्या जुन्या गावातून मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. बरोबर बडगे असतात, म्हणजे वर्षभरात लोकांना ज्यांनी छळलं त्यांचे पुतळे. त्यात पुढारी असतात, महागाई असते, कधी एखादा रोगही असतो. आणि रस्त्यावरचं सगळं पब्लिक घसा फोडून मारबतीला सांगत असतं, की बाई, आमच्या पीडा घेऊन जा, रोगराई घेऊन जा, खोकला-खासी घेऊन जा. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर सर्व रोगांवर एकच रामबाण उपाय जगात फक्त आमच्या नागपुरात आहे, आणि तोही फुकट.

मी गॅलरीत उभा राहून शिंकलो.

"काय रे बाळ, पुन्हा?" दादा म्हणाले.

मी वही बरोबर आणली होती. खाली मारबत चालली होती आणि वर मी दादांना तीन सर्द्यांचा तपशील तारीखवार वाचून दाखवत होतो. पोलिसांचा दृष्टान्तही सांगितला. दादांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला पण पुढच्या सोमवारी बोलावलंय त्या लशीला. पोरानं पैसे भरून ठेवलेत."

"बघा बुवा," मी म्हणालो. "माझा अनुभव सांगितला."

'माझा अनुभव' या दोन शब्दांत जे वजन असतं ते दहा व्हाउचरांत नसतं. दादा सोमवारी गेले नाहीत. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुम्ही सांगितलंत म्हणून हे नाही म्हणताहेत." आणि वाचकहो, खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. अडुसष्टाव्या वर्षी मोठ्या भावानं आपलं ऐकलं!

पुढे जानेवारी २०२५ उजाडला आणि वर्तमानपत्रांत 'एच.एम.पी.व्ही.' नावाचा विषाणू आला. ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस असं त्याचं संपूर्ण नाव. नागपुरातही दोन मुलांना तो झाल्याचा संशय असल्याची बातमी छापून आली आणि कोविडच्या आठवणीनं शहराच्या पोटात गोळा आला. मार्च २०२१ मध्ये आठवडाभर कडकडीत बंद भोगलेलं हे गाव आहे. वास्तविक हा विषाणू २००१ सालीच हॉलंडमध्ये सापडलेला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत राहणारा. म्हणजे कधीचा भाडेकरू, फक्त पाटी आत्ता लागली. पण मंडळातल्या एकानं फोनवर आलेला मजकूर वाचून दाखवला : अमेरिकेच्या सैन्यात अभ्यास झाला, फ्लूची लस घेतलेल्यांत हाच एच.एम.पी.व्ही. जास्त आढळला! २०२० साली छापूनही आलं!

मला आता कुणी अडवू शकत नव्हतं. माझी वही आणि अमेरिकेचं सैन्य एका बाजूला! मी त्याच संध्याकाळी महालात जाऊन दादांना तो मजकूर वाचून दाखवला. दादा म्हणाले, "बरं झालं बाबा, नाही घेतली ते."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दादांना ताप आला. दोन दिवस घरीच. तिसऱ्या दिवशी जिना चढायचा प्रश्नच उरला नाही. अंथरुणावर बसल्या जागी ते मधल्या पायरीवर थांबल्यासारखे थांबू लागले, आणि उन्हाबद्दल काही बोलेनात. रात्री धंतोलीतल्या एका रुग्णालयात नेलं. घशातल्या स्रावाचा रिपोर्ट आला : इन्फ्लुएन्झा ए. साधा, ओळखीचा फ्लू. चौथ्या दिवशी त्याच्या पाठोपाठ न्यूमोनिया.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक बाक असतं. सगळ्या रुग्णालयांत ते सारखंच असतं. त्यावर पाठ टेकता येणार नाही याची काळजी घेतलेली असते. त्या बाकावर मी आणि वहिनी बसलो होतो. वहिनींनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. थर्मासमधून कपात ओतून फक्त म्हणाल्या, "भाऊजी, चहा घेता?" चौतीस वर्षांत माझ्या नोकरीवर एकही ठपका आला नाही. तो असा चहाच्या कपातून येतो हे मला माहीत नव्हतं.

दादांची नात मेडिकलला शेवटच्या वर्षाला आहे. ती रोज संध्याकाळी यायची, आतल्या डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलायची आणि बाहेर येऊन आमच्या भाषेत सांगायची. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "हा न्यूमोनिया कुठून आला गं? फ्लू होता ना?"

"फ्लूनंच आणला, आजोबा. फ्लू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून टाकतो. दार मोडलं की मागून जिवाणू शिरतात. १९१८ च्या साथीत जी माणसं गेली, त्यातली बहुतेक अशा मागून शिरलेल्या जिवाणूंमुळेच गेली."

"म्हणजे..." मी अडखळलो. "एका रोगावरची लस घेतली असती तर दुसरा..."

"टळलाच असता असं नाही म्हणत मी. शक्यता कमी झाली असती." मग जरा थांबून, "पण आबा घेणार होते ना? मग का नाही घेतली?"

वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. मी पिशवीतून वही काढली. कबुलीजबाब म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर बचाव म्हणून. पोरीनं ती पहिल्या पानापासून वाचली. तिच्या तोंडावर जो भाव होता तो मी ओळखला. दुसऱ्यांची पुस्तकं तपासताना तो माझ्या तोंडावर असायचा.

"आजोबा, ही वही कधी सुरू केली?"

"पहिल्या सर्दीच्या दिवशी. लशीनंतर आठवड्यानं."

"आणि आधीच्या वर्षीची?"

"आधीची कशाला? आधी सर्दी कुठं..." असं म्हणताना माझा आवाज बारीक होत गेला. आरंभीची शिल्लक न दाखवता उघडलेलं खातं! एखाद्या कारकुनानं असं खातं माझ्यापुढे ठेवलं असतं तर त्याची बढती मी तीन वर्षं रोखली असती.

मी शेवटचं अस्त्र काढलं. "पण अमेरिकेचं सैन्य?"

ती म्हणाली, "मूळ शंका अगदीच खुळी नाही हं, आजोबा. तिला शास्त्रातही आधार आहे. एक विषाणू शरीरात शिरला की पेशी एक द्रव्य सोडतात, इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी ते शोधलं. ते सुटलं की काही दिवस दुसऱ्या विषाणूलाही शिरणं अवघड जातं."

"म्हणजे गल्लीत एक चोर आला की सगळी कुत्री जागी होतात, आणि त्या रात्री दुसऱ्या चोराची पंचाईत."

"अगदी! २००९ मध्ये युरोपात स्वाइन फ्लू आला तेव्हा फ्रान्स-स्वीडनमधल्या लोकांना दिसलं, की साध्या सर्दीचा विषाणू जोरात होता तोवर फ्लूची साथ रेंगाळली. मग प्रश्न पडतोच : लशीमुळे ज्याला फ्लू झाला नाही, त्याची कुत्री झोपलेलीच राहिली, तर त्याच्याकडे दुसरे चोर जास्त येतील का? हाँगकाँगमध्ये मुलांवर एक प्रयोग झाला, २०१२ साली छापून आला. त्यात लस घेतलेल्यांना फ्लू सोडून बाकीचे विषाणू चौपट सापडले. पण मुलं सगळी मिळून एकशे पंधरा. एवढ्याशा आकड्यावर कुणी घर बांधत नाही."

"आणि समजा खरं असलं तर?"

"समजा असलं. तर काय, सर्दीचे चोर येऊ नयेत म्हणून घरात दरोडेखोर पाळायचा?" तिनं काचेच्या दाराकडे बोट केलं. पलीकडे दादांच्या तोंडावर मुखवटा होता.

सैन्याच्या अभ्यासाचं तिनं दुसऱ्या दिवशी समजावलं, आणि त्यासाठी तिनं माझ्याच धंद्याची भाषा वापरली हे तिचं शहाणपण. त्या अभ्यासाचा एकंदर निष्कर्षही असाच होता, की लशीमुळे इतर विषाणू बळावतात असं दिसत नाही. फक्त दोन विषाणूंचे आकडे वर गेलेले दिसले आणि तेवढेच फोनाफोनी फिरले. एक एच.एम.पी.व्ही. आणि दुसरा, कोविडच्या आधीपासून असलेला साध्या सर्दीचा कोरोना. पुढे कॅनडातल्या लोकांनी आपल्या सात हंगामांच्या नोंदी उघडून तीच गोष्ट तपासली. त्यांना असं काही आढळलं नाही. उलट जुन्या आकडेमोडीत, निदान कोरोनाच्या बाबतीत, कुठं घोटाळा झाला तेच सापडलं. ज्यांच्याशी तुलना करायची त्या गटात फ्लूचे रोगी तसेच राहू दिले होते.

"त्यानं काय बिघडतं?" मी विचारलं. ती समजावू लागली आणि मध्येच मला आमचं दार आठवलं.

आमच्याकडे महिन्यात दहा वेळा बेल वाजते असं धरा. चार वर्गणीवाले, सहा सौ.चे नातेवाईक. म्हणजे नातेवाईक शेकडा साठ. मी दारावर 'वर्गणी मिळणार नाही' अशी पाटी लावली. वर्गणीवाला आता एकच येतो. बेल सात वेळा वाजते, त्यात सहा नातेवाईक : शेकडा पंच्याऐंशीच्या वर! आता मी जर म्हटलं, की पाटी लावल्यापासून घरात नातेवाईकांचा सुळसुळाट झाला, तर सौ. काय म्हणेल? माणसं सहाची सहाच आहेत. वाढली ती टक्केवारी, कारण दुसऱ्या बाजूची आवक घटली. फ्लूची पाटी लावल्यावर फ्लूवाले कमी झाले, म्हणून बाकीच्यांचा हिस्सा मोठा दिसला.

हे उदाहरण मी पोरीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आजोबा, हे मी परीक्षेत लिहीन." वहिनीही हसल्या. त्या बाकावर तेवढंच एक हसू झालं.

मग ती उलट बाजूचंही सांगत बसली. एका रोगावरची लस दुसऱ्यावर परिणाम करतच नाही असं नाही, म्हणाली. गोवराचंच बघा. गोवर शरीराची आठवण पुसून टाकतो. आधी कष्टानं जमवलेली निरनिराळ्या रोगांविरुद्धची शिबंदी मोडून टाकतो. हॉलंडमधल्या लस न घेतलेल्या सत्त्याहत्तर मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा कुणाची अकरा टक्के तर कुणाची त्र्याहत्तर टक्क्यांपर्यंत प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे गोवराची लस घेतलेलं मूल गोवरापासून वाचतं आणि पुढच्या न्यूमोनियांशी झगडायची आपली जमापुंजीही वाचवतं.

बीसीजीची गोष्ट मला ठाऊकच होती. बीसीजी विषाणूवरची नव्हे, क्षयाच्या जिवाणूवरची लस. २०२० साली 'बीसीजी घेतलेल्या देशांत कोविड कमी' असं वाचून मी आणि दादांनी आपापल्या दंडावरचे वण एकमेकांना दाखवले होते. पदकासारखे. तो तर्कही हवेतला नव्हता. ग्रीसमध्ये रुग्णालयातून घरी जाणाऱ्या म्हाताऱ्यांना बीसीजी दिल्यावर श्वसनाचे आजार खरोखर कमी झाले होते, आणि आपल्याकडे आयसीएमआरनंही साठीपुढच्या लोकांवर ती करून पाहायला घेतली होती. पण पुढे ऑस्ट्रेलियापासून ब्राझीलपर्यंत पाच देशांतल्या जवळपास चार हजार आरोग्य कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग झाला, २०२३ मध्ये निकाल आला, आणि कोविडपुरतं आमचं पदक काढून घेण्यात आलं. मारबत एकच. बाकी सगळ्या लशी आपापला चौक सांभाळणाऱ्या.

अकराव्या दिवशी दादांना खोलीत आणलं. मी त्या रात्री घरी येऊन जरा निवांत जेवलो आणि जेवताना सौ.ला वहीची कथा सांगितली. आरंभीची शिल्लक नाही, आता आधीच्या वर्षीच्या सर्द्या कोण मोजणार, असं म्हणालो.

"मी मोजते की," सौ. म्हणाली.

आमच्याकडे दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितात. रात्री मी पेलाभर दूध घेतो. सर्दी झाली की सौ. ते बंद करते आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धा लिटर कमी घेते. त्या चौकटीत ती बारीक अक्षरात लिहिते : 'अर्धा कमी. यांना स.' ही गोष्ट ती कित्येक वर्षं करीत आली आहे आणि मी कित्येक वर्षं त्या कॅलेंडरवर फक्त सुट्ट्या पाहत आलो आहे. पण आधीच्या वर्षीचं कॅलेंडर? "ते काय, फळीवर." जुन्या कॅलेंडरची पानं ती डब्यांखाली अंथरते.

रात्री दहा वाजता आम्ही स्वयंपाकघराचं ऑडिट सुरू केलं. जून २०२३ पोह्यांच्या डब्याखाली सापडला. ऑगस्ट हरभऱ्याच्या डाळीखाली. ऑक्टोबरवर तेल सांडलेलं होतं, पण 'यांना स.' स्पष्ट वाचता येत होतं. जानेवारी २०२४ चा अर्धा भाग झुरळांनी नेला होता. तेवढा मी आक्षेपाखाली ठेवला. बेरीज केली. लशीच्या आधी जून ते फेब्रुवारी : सर्द्या पाच. लशीनंतर जून ते फेब्रुवारी : चार. (पोरीनं नंतर सांगितलं, की एका माणसाच्या पाचाला आणि चाराला काही अर्थ नाही, लस सर्दीवर नसतेच, तेव्हा 'लशीनं सर्दी कमी झाली' असं आता मंडळात सांगत सुटू नका. बरी आठवण केली. मी वही पिशवीत घालून निघालोच होतो.)

दादा घरी आले, पण पहिले राहिले नाहीत. आता ते जिन्यात दोनदा थांबतात. मी एक दिवस धीर करून त्यांच्यापुढे वही आणि डाळीच्या वासाची कॅलेंडरं ठेवली आणि सगळं सांगितलं : चोर, कुत्री, पाटी, टक्केवारी, सगळं. पोलिसांचा दृष्टान्त माझा नव्हता हेसुद्धा. दादा बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "बाळ, चौतीस वर्षं सरकारचे हिशेब तूच तपासत होतास ना रे?"

"हो."

"काहून सरकार बुडालं नाही मग?"

एवढंच बोलले. माफ केलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. दादांच्या बाबतीत तो कधीच नसतो. निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "यंदा जूनमध्ये घेऊ म्हणतो ती लस. तू चल बरोबर."

जूनमध्ये आम्ही गेलो. आधी माझं झालं. मग दादा खुर्चीत बसले, बाही दुमडली. दंडावरचा बीसीजीचा जुना वण सुरकुत्यांत बुडून गेला होता. दादा माझ्याकडे बघत होते. त्यांना सुईकडे बघवत नाही, हे मला या वयात प्रथमच कळलं. नर्सबाईंनी कापसानं जागा पुसली. खोलीत स्पिरिटचा वास पसरला.

आणि माझ्या नाकाच्या शेंड्यात ती ओळखीची हुळहूळ सुरू झाली.

मी पटकन दोन्ही बोटांनी नाक दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"काय रे, काय झालं?" दादांनी विचारलं.

मी नुसतीच मान हलवली आणि सुई बाहेर येईपर्यंत श्वास घेतला नाही.